शंभरातले चार

लोडर चालवणारा तो पोरगा कोसळलेल्या कड्याखाली दबून गेला, त्याला आठवडा होऊन गेला होता. तरी खाणीत कुणी त्याचा विषय काढत नव्हतं. विषय काढायचा म्हणजे मान वर करून कड्याकडे बघणं आलं, आणि वर बघायला कुणाला सवड नव्हती. खालच्या गावाजवळून नवा रस्ता चालला होता. खडी निघेल तेवढी कमीच पडत होती. उजाडायच्या आत ट्रकांची रांग लागायची ती ऊन डोक्यावर आलं तरी सरायची नाही. पावसाचा पत्ता नव्हता. पानांवर, दोरीवरच्या कपड्यांवर, पाण्याच्या पिंपांवर पांढरी भुकटी बसलेली. माणसं खोकायची आणि थुंकायची तेही पांढरंच.

थोरला वजनकाट्याच्या खोलीत बसायचा. भरलेला ट्रक काट्यावर चढला की आकडा ओरडून सांगायचा आणि ड्रायव्हरनं मान डोलावली की फाटकवाल्याला हात करायचा. बसून करायचं काम. त्याआधी तो याच खाणीत पहार मारायचा. त्याच्याइतकी सरळ पहार कुणाची पडत नाही, असं त्याचा बाप चारचौघांत सांगायचा. आता बाप ते सांगत नाही. थोरल्याचा डावा पाय गुडघ्याखाली वाकडा जुळला होता. काखेत कुबडी असल्याशिवाय त्याला दारापर्यंतसुद्धा जाववत नव्हतं.

पाय कसा गेला हे घरातल्या चौघांनाही ठाऊक होतं आणि चौघांपैकी एकही त्यावर बोलत नव्हता. दगडात भोकं पाडून त्यात दारू भरायची आणि बार उडवायचा, हे बापाचं काम. बार उडवायच्या आधी भोंगा व्हायला हवा, म्हणजे आत कुणी असेल तर बाहेर पळेल. तो भोंगा त्या वेळी जळून कितीतरी दिवस झाले होते. बाहेर ट्रक खोळंबलेले, मुकादम सारखा घड्याळ दाखवत होता. बापानं हाताचा कर्णा करून दोनदा हाक दिली आणि बार उडवला. थोरला आत होता, विसरलेली पहार आणायला गेलेला.

पुढे सगळ्यांनी एकच सांगितलं. भोंगा झाला होता, पोरगा ऐकून न ऐकल्यासारखं करून आत गेला. बापानंही तेच सांगितलं. थोरला तेव्हा दवाखान्यात गुंगीत होता, त्याला कुणी विचारलं नाही. बरा होऊन आला तर काट्याच्या खोलीतली खुर्ची त्याची वाट बघत होती.

अशा घरात धाकटी अभ्यास करायची.

ती कुठे आणि कधी अभ्यास करते हे बघितलं तर आश्चर्यच वाटलं असतं. दोन खोल्यांचं घर, पत्र्याचं. दिवसभर क्रशरचा घरघराट. आई त्या क्रशरवरच खडी चाळायला जायची आणि घरी आली की घरात दुसरा क्रशर सुरू व्हायचा, इतका तिला खोकला. तरी ही पोरगी भिंतीला पाठ लावून गणितं सोडवत बसायची. ओठ हलायचे, बाकी काही हलायचं नाही. आई म्हणायची, "हिच्या अंगावरून गाडी गेली तरी ही म्हणेल, थांबा, एवढं उदाहरण होऊ दे."

एका संध्याकाळी शाळेतल्या गणिताच्या बाई सायकल हातात धरून चढ चढत घरी आल्या. घामानं डबडबल्या होत्या. पाणीसुद्धा न पिता म्हणाल्या, "निघाली. लेखी परीक्षेतून निघाली पोरगी."

देशातलं सगळ्यात मोठं विद्यापीठ. तिथली गणिताची शाखा म्हणजे मोठ्या शहरातल्या मोठ्या घरांतली मुलंसुद्धा दोन-दोन वर्षं घासून तयारी करतात आणि रडत परत येतात. बाईंनीच धाकटीला परीक्षेला बसवलं होतं. आईनं हातातलं पातेलं खाली ठेवलं आणि पदरानं तोंड पुसलं. पुसायला तोंडावर धुळीशिवाय काही नव्हतं.

"म्हणजे झालं ना?" बापानं विचारलं.

"अजून कुठे? आता यातून निवडतात. शंभरातले चार घेतात."

"आणि बाकीची शहाण्णव?" आई म्हणाली.

"ती घरी जातात," धाकटी म्हणाली.

"मी काट्यावर शंभरातले चारच ट्रक पुढे सोडले," थोरला म्हणाला, "तर ड्रायव्हर मला खुर्चीसकट उचलून नदीत टाकतील."

सगळे हसले. बापसुद्धा हसला. कितीतरी दिवसांनी त्या घरात चौघं एकदम हसले असतील. बाई मग पाणी प्यायल्या.

"आता एक मुलाखत राहिलीय," त्या म्हणाल्या. "तिथे जाऊन द्यायची नाही. त्या विद्यापीठात शिकून गेलेला माणूस ज्या भागात असेल, त्यालाच ते सांगतात की या मुलीशी बोल आणि कशी वाटते ते आम्हाला कळव. आपल्या बाजूला असा एकच माणूस आहे."

"कोण?" थोरल्यानं विचारलं.

बाईंनी पेला ठेवला. "तुमचे मालक. खाणीचे."

बाप पायातल्या चपलेचा अंगठा चाचपत बसला. आईनं पातेलं उचललं आणि पुन्हा तिथेच ठेवलं. बाईंना वाटलं, आनंदानं गप्प झाली माणसं. म्हणाल्या, "चांगलंच आहे की! ओळखीचे आहेत. एरवी परका माणूस असता."

धाकटी म्हणाली, "हो बाई. ओळखीचे आहेत."

मुकादम काट्याच्या खोलीत सहसा यायचा नाही. बाहेरूनच हाक मारायचा. त्या दिवशी आला तो आत येऊन खिडकीच्या कठड्यावर बसला आणि थोरल्याच्या चहातला अर्धा चहा बशीत ओतून घेतला.

"लोडरवाल्याच्या प्रकरणात बुधवारी खाणी तपासणारा सरकारी इन्स्पेक्टर येतोय," तो म्हणाला. "नवीन आहे. तरुण आहे. जुनं-पानं उकरतोय म्हणे. तुझ्या पायाचं पण विचारेल."

ट्रक चढला, थोरल्यानं आकडा सांगितला, हात केला, ट्रक गेला.

"विचारलं तर सांगायचं ते आहेच. भोंगा झाला होता, माझी चूक झाली."

"मला तेव्हा कुणी विचारलं नव्हतं."

"म्हणून तर आता तुझ्या तोंडून पाहिजे." मुकादमानं बशी फुर्र करून रिकामी केली. "बघ, मी तुझ्या बापासारखा. भोंगा नव्हता म्हणशील, तर पुढचा प्रश्न काय येणार? मग बार कुणी उडवला? मालकानं? मी?"

थोरल्याच्या वाकड्या पायात कळ गेली. बसून बसून जायची तशीच, पण त्या वेळी त्याला ती मुद्दाम कुणी पाठवल्यासारखी वाटली.

मुकादम उठला. दारात थांबून म्हणाला, "धाकटीचं ऐकलं. नशीब काढलं बघ पोरीनं. मालकांशी तिचं बोलणं गुरुवारी आहे ना? मालक सकाळीच म्हणत होते, बुधवारचं एकदा नीट पार पडू दे, म्हणजे गुरुवारी मोकळ्या मनानं बसता येईल."

एवढंच म्हणाला तो. जे म्हणायचं ते सगळं झालं होतं.

घरी थोरल्यानं हे आई-बापाला सांगितलं. धाकटी शाळेत होती. बाप मान खाली घालून ऐकत राहिला. त्याच्या नखांच्या कडांना दारूची पिवळी झाक कायमची बसली होती, ती तो नखानंच खरवडत राहिला.

"तुला काय वाटेल ते कर," तो म्हणाला.

"मला काय वाटेल?" थोरला म्हणाला. "चार जणांत जायचंय तिला. त्या दारात मालक उभा आहे. मी बाजूला सरकलो नाही तर ती जाणार कशी?"

"तिला सांगू नका," आई म्हणाली. "कळलं तर जायचीच नाही ती."

बुधवारी सकाळी भोंगा वाजला.

खाणीतले सगळे जागच्या जागी थिजले. एका बाईच्या डोक्यावरची पाटी पडली. तीन वेळा वाजला तो, लांबलचक, नवाकोरा. ऑफिसच्या छपरावर आदल्या दिवशीच बसवला होता, तांबडा रंग अजून ओला होता आणि त्याला माशा चिकटल्या होत्या. तिसऱ्या आवाजानंतर काय करायचं हे कुणाला ठाऊकच नव्हतं. कुणी पळालं, कुणी उभं राहिलं. मुकादम खालून शिव्या घालत हात हलवत होता, "बाहेर निघा रे! भोंगा झाला की बाहेर निघायचं असतं!"

इन्स्पेक्टर खरंच तरुण होता. शर्टाच्या काखा भिजलेल्या, चष्म्यावर धूळ. तो चष्मा पुसायचा आणि पुसलेला चष्मा डोळ्यावर ठेवेपर्यंत पुन्हा धूळ बसायची. मालकांनी त्याला ऑफिसात पंख्याखाली खुर्ची दिली होती. मालक स्वतः दाराशी उभे होते, पांढराशुभ्र शर्ट घालून, जणू त्यांच्यापुरती धूळ उडतच नव्हती. थोरल्याला बोलावलं तेव्हा ते म्हणाले, "मी बाहेर थांबतो. मुलानं मोकळेपणानं बोलावं." आणि खरंच बाहेर जाऊन थांबले. खिडकीच्या बाहेर.

इन्स्पेक्टर आधी पायाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "दुखतो?"

असं थोरल्याला खाणीत आजवर कुणी विचारलं नव्हतं.

"थंडीत दुखतो."

"त्या दिवशी भोंगा झाला होता?"

पंखा करकरत होता. खिडकीबाहेर पांढरा शर्ट दिसत होता, चेहरा दिसत नव्हता.

"झाला होता."

"तू ऐकलास?"

"ऐकला."

"मग आत का गेलास?"

"पहार राहिली होती. म्हटलं, आणू पटकन. माझीच चूक."

इन्स्पेक्टर लिहीत होता तो थांबला. चष्मा काढून त्यानं थोरल्याकडे उघड्या डोळ्यांनी बघितलं. "नक्की?"

"नक्की."

थोरल्यानं सही केली. बाहेर येऊन कुबडी काखेत घेताना ती दोनदा हातातून सुटली. मालकांनी वाकून ती उचलली आणि त्याच्या हातात दिली. पाय गेल्यापासूनच्या दोन वर्षांत ते पहिल्यांदा त्याच्या इतके जवळ आले होते. त्यांच्या अंगाला साबणाचा वास येत होता.

गुरुवारी थोरला धाकटीला घेऊन मालकांच्या बंगल्यावर गेला. तिनं शाळेचा गणवेश घातला होता, दुसरे कपडे धुवून वाळले नव्हते. वेणी इतकी घट्ट घातलेली की भुवया वर ओढल्या गेल्या होत्या.

"घाबरू नकोस," थोरला म्हणाला.

"घाबरले नाही."

"विचारतील तेवढंच, पण नीट बोल."

तिनं त्याच्याकडे बघितलं. काही बोलणार होती, पण नोकरानं दार उघडलं आणि ती आत गेली. थोरल्याला आत या असं कुणी म्हटलं नाही, तो पायरीवर बसला. बागेत माळी पाईपनं पाणी मारत होता. खाली वस्तीत प्यायचं पाणी एक दिवसाआड यायचं. मालकांचा कुत्रा आला, थोरल्याचा वाकडा पाय हुंगला आणि त्याला टेकूनच झोपला. हलावं की नको ते त्याला कळेना.

आतून मालकांचा आवाज यायचा, मग धाकटीचा. शब्द कळत नव्हते. एकदा मालक मोठ्यानं हसले. थोरल्याचा जीव भांड्यात पडला. मग बराच वेळ धाकटीच बोलत होती, एका सुरात, पाढे म्हणावेत तशी. आणि मग कुणीच बोलत नव्हतं.

दार उघडलं. मालक तिच्या मागोमाग बाहेर आले आणि त्यांनी थोरल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हुशार आहे तुझी बहीण. धीट आहे."

"तुमची कृपा," थोरला उठायची धडपड करत म्हणाला. कुत्रा कुरकुरला.

उतारावरून येताना त्यानं विचारलं, "काय विचारलं?"

"गणितातलं थोडं. मग दुसरं."

"नीट बोललीस ना?"

"हो," धाकटी म्हणाली. "नीट बोलले."

ती झपाझप चालत होती. एरवी ती त्याच्या कुबडीच्या चालीनं चालायची. त्या दिवशी पुढे गेली आणि मग वळणावर दगडावर बसून त्याची वाट बघत राहिली.

शुक्रवारी मुकादमानं बापाला खालच्या टप्प्यावर पाठवलं. लोडरवाला पोरगा जिथे गेला तोच टप्पा. तिथला कडा पुढे झुकलेला होता, पोट धरून वाकलेल्या माणसासारखा, आणि त्याच्या सांध्यांतून माती गळायची. आईनं विचारलं, "तिथेच का?" बाप म्हणाला, "जाणता माणूस पाहिजे म्हणाले तिथे." त्यात त्याला थोडा मानही वाटला असावा. सकाळी जाताना त्यानं डोक्याला फडकं जरा नीट बांधलं.

दिवस जात राहिले. वाट बघणाऱ्या घराची एक तऱ्हा असते. आई कोणतीही गोष्ट अर्धीच बोलायची. "पोरगी गेली की तो कोपरा..." म्हणायची आणि थांबायची. वस्तीतल्या बायका येता-जाता विचारायच्या, "आलं का काही?" पहिल्या-पहिल्यांदा कौतुकानं, नंतर जरा वेगळ्याच आवाजात. किराणावाला धाकटीला कलेक्टरबाई म्हणायला लागला. ती दुकानात जायचीच बंद झाली. बाप संध्याकाळी घरी यायचा तो आधी दारात बसून केसांतले खडे झटकायचा. आधी धूळ असायची. आता खडे असायचे. कधी बारीक, कधी बोराएवढे. "वरून पडतात," तो म्हणायचा, "लागत नाहीत." आई ते खडे झाडून बाहेर टाकायची आणि बराच वेळ दारात केरसुणी घेऊन उभी राहायची.

थोरल्याला काट्यावरून खालचा टप्पा दिसायचा. बार उडायच्या आधी भोंगा व्हायचा नाही. तो बुधवारी वाजला तो वाजला. तांबडा रंग एव्हाना वाळून धुळीनं पांढरा झाला होता. थोरला मनाशी म्हणायचा, एवढी पोरगी जाऊ दे. मग बघू. काय बघू, ते तो पुढे ठरवायचा नाही.

निकाल बाईंच्या फोनवर आला. बाई शाळा सोडून दुपारीच आल्या, या वेळी सायकल नव्हती, चालतच आल्या. दारातूनच त्यांचा चेहरा बघून आई आत वळली.

"नाही झालं," बाई म्हणाल्या. "का नाही, ते ते सांगत नाहीत. कुणालाच सांगत नाहीत."

धाकटी म्हणाली, "ठीक आहे बाई." त्यांनाच पाणी दिलं, त्यांनाच बसा म्हणाली. बाई रडल्या, ही रडली नाही.

दुसऱ्या दिवशी मालकांची गाडी काट्याजवळ थांबली. काच खाली झाली. आतून गार हवा थोरल्याच्या तोंडावर आली.

"ऐकलं मी," मालक म्हणाले. "वाईट वाटलं. मी तर चांगलंच लिहिलं होतं. पण तिथे आपलं कोण ऐकतो? शंभरातले चार घेतात. माझ्या पुतण्यालाही नाही घेतलं." काच अर्धी वर गेली आणि थांबली. "वडील कसे आहेत? खाली जपून काम करायला सांग."

गाडी गेली. मागच्या ट्रकवाल्यानं दोनदा हॉर्न दिला तेव्हा थोरल्याला भान आलं. त्यानं चुकीचा आकडा सांगितला. ड्रायव्हर ओरडला. थोरला खुर्चीतून उठला, कुबडी घेतली आणि फाटकवाल्याला म्हणाला, "जरा बघ. घरी जाऊन येतो."

आई जेवणाच्या सुट्टीला घरी आली होती. धाकटी भिंतीला पाठ लावून बसली होती, मांडीवर काही नव्हतं. थोरल्याचा इतके दिवस दाबून ठेवलेला राग नेमका तिच्यावरच निघाला.

"बसून काय राहिलीस? पुढच्या वर्षी परत बस परीक्षेला. फुकट घालवायला नाही गिळलं मी!"

"काय गिळलंस?"

आई म्हणाली, "जाऊ दे रे."

"का जाऊ दे? कळू दे तिला. इन्स्पेक्टरला सांगितलं मी, भोंगा झाला होता. माझ्या तोंडानं सांगितलं. माझी चूक म्हणालो. हिच्यासाठी. दुसऱ्या दिवशी हिला तिथे बसायचं होतं म्हणून."

धाकटी उठून उभी राहिली. तिचा चेहरा भिंतीसारखा झाला.

"बुधवारी?"

"बुधवारी."

"मी गुरुवारी त्यांना सांगितलं," ती म्हणाली. "मालकांना. त्यांनी विचारलं, आजवरची सगळ्यात अवघड गोष्ट कुठली? म्हटलं, माझ्या भावाचा पाय गेला. भोंगा नव्हता. नव्हता हे सगळ्यांना माहीत आहे आणि सगळे होता म्हणतात, तुम्हीही म्हणता, आणि त्याच घरात बसून मी खऱ्या-खोट्याची गणितं सोडवते, ही सगळ्यात अवघड गोष्ट."

आईनं हातातला घास ताटात ठेवला.

"तू त्याच्या तोंडावर बोललीस?" थोरल्यानं विचारलं.

"मला वाटलं, तुझ्या वतीनं एकदा तरी कुणीतरी बोललं पाहिजे. तू नीट बोल म्हणाला होतास ना?"

"तो काय म्हणाला?"

"काही नाही. थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, भाऊ स्वतः तर असं म्हणत नाही. मला वाटलं, उगाच म्हणतोय."

क्रशर घरघरत होता. पत्रा थरथरत होता. थोरला कुबडीवर तसाच टेकून उभा राहिला. त्याला पायरीवर ऐकू आलेला तो हिचा एकसुरी आवाज आठवला, आणि त्यानंतरची शांतता.

"मग त्यानंच घालवलं तुझं," तो म्हणाला.

"माहीत नाही. चांगलंही लिहिलं असेल. शंभरातल्या शहाण्णवांना नाहीच म्हणतात दादा. त्यात एकीला त्याच्यामुळे म्हटलं असेल, तर ते कुणाला दिसणार? मला आयुष्यात कधी कळायचं नाही." पहिल्यांदा तिचे ओठ थरथरले. "मी हुशार नव्हते की मी बोलले, तेही कळायचं नाही."

थोरल्यानं तिच्याकडे बघितलं तर ती दाराबाहेर बघत होती, बाप जिथे बसून केस झटकायचा तिथे. उंबऱ्याशी दोन-तीन खडे पडले होते.

"बाबांना खाली कधी पाठवलं?" तिनं विचारलं.

गुरुवारनंतरचा तो शुक्रवार तिघांनाही ठाऊक होता.

थोरला म्हणाला, "मी जातो. इन्स्पेक्टरच्या कचेरीत. खरं सांगतो." मग आईकडे बघून थांबला. "पण बार कुणी उडवला ते सांगावं लागेल."

आईला खोकल्याची उबळ आली. ती भिंतीला धरून खोकली, मग तोंड पुसून म्हणाली, "तुझा बाप झोपेत हाका मारतो, माहीत आहे तुला? रोज. आतून बाहेर ये म्हणून. जा तू. जायचं तर आत्ता जा. संध्याकाळी मीच अडवीन."

"मी पण येते," धाकटी म्हणाली.

खडीच्या ट्रकमधून गेले ते. ड्रायव्हर ओळखीचा होता. कुठे, म्हणून विचारलं तर थोरल्यानं सांगितलं. ड्रायव्हरनं सीटवरचा पाण्याचा कॅन उचलून जागा केली. धाकटीनं खालून पाय उचलून धरला तेव्हा थोरला वर चढला. काट्यावर ट्रक थांबला. थोरल्याच्या खुर्चीत मुकादम बसला होता. त्यानं केबिनमधले दोघं बघितले, आकडा सांगायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. ड्रायव्हरनं वाट बघितली नाही. फाटकवाल्यानंही बघितली नाही. ट्रक उताराला लागला तेव्हा मागे मुकादम फोन कानाला लावून बाहेर धावत येताना आरशात दिसत होता.

कचेरीत एक बाक होतं. थोरल्याचा पाय दुमडत नसल्यामुळे तो वाटेतच पसरलेला. येणारा-जाणारा प्रत्येक जण वैतागून तो ओलांडायचा, आणि थोरला प्रत्येकाला "माफ करा" म्हणायचा. शिपायानं तीनदा सांगितलं, साहेब कामात आहेत, उद्या या. तिसऱ्यांदा धाकटी म्हणाली, "उद्या उशीर होईल," आणि ते तिनं अशा आवाजात म्हटलं की शिपाई आत गेला.

इन्स्पेक्टरचा चष्मा आज स्वच्छ होता. त्यानं थोरल्याला ओळखलं, ऐकून घेतलं आणि खुर्चीत मागे टेकला.

"म्हणजे तेव्हा खोटं बोललास की आत्ता बोलतोयस?"

"तेव्हा."

"का?"

थोरल्यानं धाकटीकडे बघितलं. "हिच्या ॲडमिशनसाठी."

शेजारच्या टेबलावरचा कारकून खुदकन हसला. "मिळाली का मग?"

"नाही," धाकटी म्हणाली.

कारकुनाचं हसू मावळलं. इन्स्पेक्टरनं पेन खाली ठेवलं. "हे बघ," तो म्हणाला, "हे लिहिलं की परत पुसता येणार नाही. तुझ्यावरही येईल. तुझ्या घरावरही येईल. बाहेर बसून विचार करायचा असेल तर कर."

"खालच्या टप्प्यावर माझा बाप काम करतोय, साहेब. आत्ता. तुम्ही लिहायला घ्या आणि कुणाला तरी तिकडे पाठवा."

इन्स्पेक्टरनं शिपायाला हाक मारली, जीप काढायला सांगितलं. मग कोरा कागद पुढे ओढला. "पहिल्यापासून सांग. बार कुणी उडवला?"

धाकटीनं टेबलाखाली थोरल्याचा हात धरला.

"माझ्या बापानं," तो म्हणाला.